पस्तीस हजारांत डिशवॉशर : संभाजीनगरच्या एका घराचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एका जुन्या, तीन मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर माझी मावसबहीण राहते. मी तिला ताई म्हणते. घरात माणसं पाच: ताई, भावजी, दोन शाळकरी मुलं आणि ताईच्या सासूबाई, म्हणजे माझ्या काकू. ताई-भावजी दोघंही नोकरीला जातात. भांड्यांना येणाऱ्या मावशींनी गुडघेदुखीमुळे काम सोडलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरपर्यंत चढून यायला दुसरं कोणी मिळेना आणि रात्रीची भांडी सासूबाईंच्या अंगावर पडली. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली आहे. चोथा धरून कढई घासली की रात्रभर हात ठणकतो. पिळणं, घासणं, जड उचलणं कमी करा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवणं काकूंना पटत नव्हतं.

तेव्हा डिशवॉशरचा विषय निघाला. पैसे पस्तीस हजार, आणि त्यातच वायरिंग आणि नळाची जोडणीही बसवायची. हप्त्यावर काही घ्यायचं नाही हे भावजींनी आधीच सांगून टाकलं. खरेदीआधीची सगळी मोजामोज मी त्यांच्याबरोबर केली आणि पुढचे काही महिने यंत्र कसं चालतं तेही पाहिलं, म्हणून हे तपशिलात लिहिते आहे. पैसा बेताचा असेल तर यंत्रातले प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी पाहावेत, असं माझं ठाम मत आहे. घरातली भांडी, नळाचं पाणी, त्याचा दाब आणि जागा या चार गोष्टींवरच बहुतेक पर्याय गळून पडतात. मग उरलेल्या दोन-तीनांतून निवडायला फारशी अक्कल लागत नाही.

भांड्यांच्या तीन राशी

ताईने यंत्रांची यादी आधीच काढून ठेवली होती. ती बाजूला ठेवून आम्ही एका रविवारी मांडणीवरची, ट्रॉलीतली सगळी रोजची भांडी फरशीवर काढली. काकू मधोमध पाट घेऊन बसल्या आणि एकेक भांडं हातात घेऊन तीन राशी लावल्या.

पहिली रास बिनधास्त यंत्रात जाणारी: स्टीलची ताटं, वाट्या, पेले, फुलपात्रं, पळ्या, डाव, झारा, स्टीलची पातेली, मुलांचे स्टीलचे डबे, काचेचे ग्लास, चिनी मातीचे कप. दुसरी रास कधीच न जाणारी. त्यात बिडाचा तवा, लोखंडी कढई, पोळपाट-लाटणं, लाकडी रवी आणि कल्हई केलेलं पितळी पातेलं होतं. डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते. बिडावर वर्षानुवर्षं तेल मुरून झालेला थर ती काढून टाकते आणि तव्याला गंज चढतो. लाकूड गरम पाण्याने फुगतं आणि मग तडकतं.

तिसऱ्या राशीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. त्यात ॲल्युमिनियमचा कुकर आणि जाड बुडाची ॲल्युमिनियमची कढई होती. अल्कधर्मी पाण्यात ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर विरघळतो आणि भांडं काळपट, राखाडी पडतं. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांचंही तेच होतं. त्यामुळे हीही रास हातानेच घासायची असं ठरलं. काकूंचा प्रश्न सरळ होता: "अगं, मग कढई आणि कुकर माझ्याच नशिबी असतील तर एवढे पैसे कशाला घालायचे?" प्रश्न रास्त होता. त्यावर भावजींनी कढई-कुकर-तवा स्वतःकडे घेतले आणि तसं सगळ्यांसमोर कबूल केलं. यंत्र घ्यायच्या निर्णयात हा भाग मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात स्वयंपाक मुख्यतः ॲल्युमिनियम आणि लोखंडात होतो, तिथे डिशवॉशरने घासायचं काम संपत नाही, कमी होतं. हातानं घासायचं जे उरतं ते कोण करणार, हे पैसे भरण्याआधी ठरायला हवं.

दोन टाक्या, दोन तऱ्हेचं पाणी

शहराला जायकवाडीचं पाणी मिळतं, पण रोज नाही. मध्ये काही दिवस जातात, उन्हाळ्यात आणखी जास्त. त्यामुळे इमारतीच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक नळाच्या पाण्याची आणि एक बोअरची. स्वयंपाकघरात नळाचं पाणी, तर बाथरूम आणि मागच्या ड्राय बाल्कनीत बोअरचं. वॉशिंग मशीन बाल्कनीत आहे आणि तिच्या शेजारी मोकळी जागाही आहे. साहजिकच सगळ्यांच्या मनात डिशवॉशर तिथेच बसला होता.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "टीडीएस किती आहे?" टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो म्हणून हा प्रश्न रूढ झाला असावा. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. डिशवॉशरला त्रास देतात ते त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा जडपणा. सारख्याच टीडीएसच्या दोन पाण्यांचा जडपणा अगदी वेगळा असू शकतो. म्हणून आम्ही मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा थेंब टाकून रंग पाहायचा जडपणाचा संच आणला. नळाच्या पाण्याचा आकडा आला लिटरला १६० मिलिग्रॅमच्या आसपास, बोअरचा ५४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचा जडपणा चांगला मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जडपणाचे बहुधा जर्मन अंश दिलेले असतात. मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागलं की ते निघतात. नळाचं पाणी ९ अंश, बोअरचं ३० अंश.

या फरकाला एवढं महत्त्व का, ते सांगते. चांगल्या यंत्रात पाणी मऊ करणारा एक कप्पा असतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की यंत्र मिठाच्या पाण्याने ते धुऊन पुन्हा कामाला लावतं. आपण जे मीठ भरतो ते यासाठी, भांड्यांना ते लागतच नाही. पाणी जितकं जड तितकी ही धुलाई वारंवार होते, दर वेळी मीठ जातं आणि थोडं जास्तीचं पाणीही जातं. तीस अंशांचं पाणी यंत्राला झेपलं असतं, पण मिठाचा खर्च कायमचा मागे लागला असता. त्यात कधी मीठ भरायचं राहिलं की पेल्यांवर पांढरी झाक आणि हीटरवर क्षारांचा थर. पाणी मऊ करायची सोयच नसलेली काही स्वस्त यंत्रंही बाजारात आहेत. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यावर अशी यंत्रं घेऊच नयेत, मग ती कितीही स्वस्तात मिळोत.

म्हणजे जागा बाल्कनीत आणि बरं पाणी स्वयंपाकघरात, असा पेच झाला. मी पाण्याच्या बाजूने होते. जागा थोडी खटपट केली की निघते, पण ३० अंशांचं पाणी यंत्र असेपर्यंत रोज यंत्रात जाणार.

दाब

वरच्या मजल्यावरच्या घरांनी हे गणित करायलाच हवं, आणि ते अवघड नाही. टाकीतल्या पाण्याची उंची नळापेक्षा दहा मीटर जास्त असेल तर नळाला साधारण एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्याला टाकी डोक्यावरच असते, त्यामुळे दाब सगळ्यात कमी. आम्ही टेप घेऊन गच्चीवर गेलो. सिंकखालच्या नळापासून गच्चीच्या फरशीपर्यंत अडीच मीटर. टाक्या जिन्याच्या खोलीच्या छपरावर आहेत, ते आणखी २.४ मीटर. एकूण ४.९ मीटर, म्हणजे टाकी तळाला गेलेली असताना जेमतेम ०.४८ बार. पाणी वाहतं तेव्हा पाइपात त्यातलाही थोडा जातो.

काही यंत्रांच्या पुस्तिकेत किमान दाब ०.५ बार लिहिलेला असतो, काहींत ०.३. ताईच्या यादीतली दोन यंत्रं या एका ओळीवर बाद झाली. दाब वाढवणारा छोटा पंप बसवता येतो, पण तो चार-पाच हजारांचा आणि तेवढे पैसे हातात नव्हते. टाक्या गच्चीच्या फरशीवरच असत्या तर मात्र पंपावाचून गत्यंतर नव्हतं आणि पस्तीस हजारांत हे प्रकरण बसलंच नसतं. दुकानदाराला किमान दाब विचारला तर तो "सगळीकडे चालतं" म्हणतो, त्यामुळे पुस्तिका उघडून तांत्रिक माहितीच्या पानावरचा आकडा स्वतःच वाचावा.

जागेचा प्रश्न पटकन सुटला. मोठं यंत्र ६० सेंटिमीटर रुंद, तितकंच खोल आणि साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं. जुन्या कडप्प्याच्या ओट्याखाली ते जात नव्हतं. ओट्याच्या टोकाला गव्हाची कोठी उभी होती. तिथे वर्तमानपत्राचा ६० बाय ६०चा चौकोन अंथरला आणि दार खाली उघडतं म्हणून पुढे तेवढाच दुसरा. दार उघडं असताना फ्रिजकडे जाता येईल इतकी वाट उरत होती. कोठी बाल्कनीत गेली.

दुकानात पातेलं घेऊन

दुकानात जाताना ताईने कापडी पिशवीत घरचं एक काठाचं ताट, चार वाट्या, मोठं पातेलं आणि झारा घेतला. विक्रेत्यालाही ते आवडलं. अशी गिऱ्हाइकं कमी येतात, म्हणाला.

यंत्रांवर "८ प्लेस सेटिंग", "१३ प्लेस सेटिंग" असं लिहिलेलं असतं. हा हिशेब युरोपातल्या जेवणाच्या टेबलाचा आहे. एक सेटिंग म्हणजे साधारण एक सपाट प्लेट, एक सूपची प्लेट, एक छोटी प्लेट, कप-बशी, ग्लास आणि काटे-चमचे. जोझेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे होते आणि त्यात बसवलेल्या भांड्यांवर पाण्याचा मारा होत असे. ती पद्धत आजही तीच आहे, आणि कप्पे आजही मुख्यतः सपाट प्लेटांच्याच मापाचे असतात. आपलं काठाचं ताट रॅकच्या दोन दातऱ्यांच्या, म्हणजे प्लेटा उभ्या धरणाऱ्या तारांच्या, मधल्या जागेत मावत नाही. एक खाच सोडून एक असंच लावावं लागतं. म्हणजे खालच्या रॅकची ताटांची जागा निम्मी झाली. वाटी खोल असल्यामुळे पालथी आणि थोडी तिरपी ठेवावी लागते, नाहीतर तिच्यात पाणी साचून राहतं.

हे हाताने लावून पाहिल्यावर टेबलावर ठेवायचा ८ सेटिंगचा पर्याय आपोआप गेला. तो वीस-पंचवीस हजारांत बसत होता, जागाही कमी घेत होता, आणि दोघांच्या घराला मी तोच सुचवला असता. पण घरचं पातेलं त्यात ठेवलं की ताटांना जागा उरेना. पाच माणसांच्या घरी तो रोज दोनदा लावावा लागला असता आणि पाण्याची बचत तेवढी झाली नसती. ४५ सेंटिमीटर रुंदीचं चिंचोळं यंत्र त्या दुकानात नव्हतंच. वापरलेलं यंत्र बारा-पंधरा हजारांत मिळत होतं. त्याला मी विरोध केला. आधीच्या घरी कसलं पाणी होतं, मीठ नियमित भरलं की नाही, हे कळायला मार्ग नाही. आतले मणी आणि हीटर बाहेरून दिसत नाहीत.

उरली मोठ्या मापाची, साध्या बनावटीची यंत्रं. त्यांत आम्ही चारच गोष्टी पाहिल्या: पाणी मऊ करायची सोय, किमान दाब ०.३ बार, वरखाली करता येणारा वरचा रॅक आणि आडव्या पाडता येणाऱ्या खालच्या दातऱ्या. शेवटच्या दोन गोष्टींमुळे मोठं पातेलं खाली बसतं आणि वरचा फवारा अडत नाही. तेलकट भांड्यांसाठी ६५-७० अंश सेल्सिअस गरम पाण्याचा प्रोग्रॅम लागतो, तो सगळ्यांतच होता. मोबाइलवरून चालू करायची सोय, काटे-चमच्यांचा वेगळा तिसरा ट्रे आणि आतला दिवा यांसाठी सात-आठ हजार जास्त मोजावे लागत होते. ते वाचवले.

निर्णयाआधी ताईने कंपनीच्या हेल्पलाइनला घरचा पिनकोड सांगून दुरुस्तीचा माणूस शहरातला आहे की बाहेरून येतो ते विचारून घेतलं. एका कंपनीचा माणूस पुण्याहून येणार होता. ते यंत्र आम्ही सोडलं.

खरेदी २०२५च्या दसऱ्याच्या सुमारास झाली. त्याआधी थोडेच दिवस, २२ सप्टेंबरला म्हणजे घटस्थापनेपासून, डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला होता. बिल झालं ३१,८६० रुपये. जुन्या दराने तेच ३४,५६० झालं असतं आणि जोडणीला काही उरलंच नसतं. १६ अँपियरचा सॉकेट, वेगळी तांब्याची वायर आणि एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा खटका) यांना १,९०० लागले. मिक्सरच्या साध्या सॉकेटवर हे यंत्र लावायचं नाही, आत दोन हजार वॉटच्या आसपासचा हीटर असतो. प्लंबरने सिंकखालच्या नळाला टी-जोड, वेगळा कॉक आणि गाळ अडवणारी जाळी बसवून ७५० घेतले. पहिली पावडर, मीठ आणि चमक आणणारं रिन्स एड मिळून ९००. एकूण ३५,४१०. दुकानदार वाढीव हमी घ्या म्हणून मागे लागला होता. दोन वर्षांची हमी मुळातच होती, त्यामुळे ती घेतली नाही.

वापरताना

पहिल्या आठवड्यात पावडर डब्बीत तशीच चिकटून राहायची. पुस्तिका वाचून कळेना, पण लावलेली भांडी पाहिल्यावर लगेच कळलं. मोठं पातेलं पावडरच्या झाकणासमोर येत होतं, त्यामुळे झाकण उघडतच नव्हतं. पातेलं मागे सरकवलं आणि तक्रार संपली.

फिल्टरचं काम काकूंनी आपणहून घेतलं. तळाशी फिरवून काढायची गोल जाळी असते. पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यात मोहरी, कढीपत्त्याची पानं, टोमॅटोची सालं आणि भाताची शितं होती. आपल्या फोडणीचा सगळा हिशेब तिथे जमा होतो. म्हणून आता ताटं नळाखाली न धरता आधी हाताने खरकटं निपटून डब्यात टाकायचं असा नियम आहे. नळाखाली विसळून भांडी लावली तर पाणी वाचवायचा उद्देशच जातो. घरात पाच-सात दिवस टाकी पुरवायची असते तेव्हा हे सगळ्यांनाच पटतं.

पाण्याचा हिशेब भावजींनी बादल्या मोजून केला. रात्रीची भांडी हाताने धुताना सोळा लिटरच्या तीन बादल्या जात होत्या, म्हणजे ४८ लिटर. यंत्र एका धुण्याला साधारण १२ लिटर घेतं आणि कढई-कुकर-तव्याला आणखी दहा. त्या २२ लिटरांत मुलांचे डबेही निघतात. डब्यांच्या सिलिकॉनच्या रिंगा काढून वेगळ्या धुवाव्या लागतात आणि प्लास्टिकची झाकणं ओलीच राहतात. धुणं संपल्यावर दार वितभर उघडं ठेवलं की स्टील सकाळपर्यंत कोरडं होतं.

पैशांची बचत मात्र होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एका धुण्याला पावडर सात रुपयांची, सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज म्हणजे तेरा रुपये, मीठ आणि रिन्स एडचे तीन. असे तेवीस रुपये, महिन्याला ६९०. मावशींना भांड्यांचे ९०० देत होते. या फरकातून यंत्राची किंमत वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं लागतील. ज्यांच्याकडे मावशी येतात आणि काम नीट चाललं आहे, त्यांनी पैसे वाचतील म्हणून डिशवॉशर घेऊ नये. इथे तो काकूंच्या हातासाठी आणि टाकीतल्या पाण्यासाठी घेतला.

उन्हाळ्याची एक अडचण अजून पुरती सुटलेली नाही. नळाचं पाणी लांबलं की सोसायटी दोन्ही टाक्यांत बोअरचं पाणी सोडते. मग स्वयंपाकघरातलं ९ अंशांचं पाणी एकदम पंचवीस-तीसवर जातं. यंत्रातला जडपणाचा आकडा कायम वर ठेवला तर वर्षभर मीठ वाया जातं, खाली ठेवला तर मे महिन्यात पेले पांढरे पडतात. ताईने तो थेंबांचा संच मांडणीवर ठेवला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर "आज बोअर सोडलं" असा निरोप आला की पाणी तपासायचं आणि यंत्राचा आकडा बदलायचा. बटणं दाबायचा क्रम तिने कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवला आहे. मीठ मात्र डिशवॉशरचंच, जाड दाण्यांचं भरायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. जेवणातल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात, त्यांनी कप्पा चोंदतो.

तळमजल्यावरच्या एका जोडप्याने हे यंत्र पाहून आपणही घ्यावं का असं विचारलं. त्यांच्या घरी दाब भरपूर आहे, पण नळ फक्त बोअरचा, माणसं दोनच, आणि रोजचा सगळा स्वयंपाक लोखंडी कढईत आणि ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये. ताईने त्यांना घेऊ नका असं सांगितलं.